तळ पाडण्याआधी

आमच्या देवघराच्या खालच्या फळीवर बिडाचा एक तुटका तुकडा आहे. पाचरीच्या आकाराचा, बोटभर लांब. तुटलेल्या तोंडाकडे उजेडात नीट पाहिलं तर त्यात दोन रंग दिसतात. जाड बाजूला करडा, दाणेदार. निमुळत्या टोकाकडे पांढरा, चांदीसारखा चमकणारा. खंडेनवमीला नाना त्याला हळदकुंकू वाहतात, झेंडूचं एक फूल ठेवतात. घरी आलेला माणूस विचारतोच, हा कसला दगड? नाना म्हणतात, "दगड नाही, दाखला आहे."

नाना, म्हणजे माझे वडील, नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या एका छोट्या फाउंड्रीत 31 वर्षं कुपोल्यावर, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीवर होते. तिथे प्रयोगशाळा नव्हती. रस, म्हणजे वितळलेलं बीड, चांगला उतरलाय की नाही हे या पाचरीवरून ठरायचं. मोठ्या साच्यांत ओतण्याआधी वाळूच्या इवल्याशा साच्यात थोडा रस घ्यायचा, पाचर थिजली की लाल असतानाच पाण्यात बुडवायची, ऐरणीवर ठेवून हातोड्याचा एक घाव घालायचा आणि तुटलेलं तोंड बघायचं. टोकाचा पांढरा पट्टा रुंद निघाला तर बीड कडक. ते मशीनवर चढलं की टूल मोडणार आणि माल परत येणार. मग लेडलमध्ये, म्हणजे रस न्यायच्या भांड्यात, मूठभर फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) टाकायचं आणि पुन्हा पाचर ओतायची. एवढं सगळं दोन मिनिटांत, कारण रस कुणासाठी थांबत नाही. आमच्या देवघरातली पाचर त्यांच्या शेवटच्या दिवसाची आहे. तिचा पांढरा पट्टा जेमतेम दोन सूत आहे. "असा पाहिजे," ते म्हणतात, आणि अंगठ्याच्या नखाने तो पट्टा मोजून दाखवतात.

तो कुपोला आता नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुपोला म्हणजे दोन मजले उंचीचा पोलादी पिंप, आतून भट्टीच्या विटांचं अस्तर. खालचा तळ दारासारखा उघडतो. पहाटे तो बंद करून त्याला टेकू द्यायचा, वर वाळू ठोकून बसवायची, मग लाकडं, मग कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन. कोक फुलला की वरच्या माळ्यावरून थर घालायला सुरुवात. कोक, पिग (कच्च्या लोखंडाच्या लगडी) आणि भंगार, चुनखडी, पुन्हा कोक. खालून ब्लोअरचा वारा. थोड्याच वेळात निळ्या काचेच्या भोकातून पहिले थेंब ठिबकताना दिसतात. नाना त्याला "पाऊस लागला" म्हणायचे. दिवसभर ओतकाम झालं की संध्याकाळी टेकूला साखळी लावून ओढायची. तळ उघडतो आणि आतला उरलासुरला लालभडक कोक, मळी (रसावर तरंगणारा कचरा), सगळं धाडकन खाली पडतं. त्यावर पाण्याचे पाइप सोडतात. याला तळ पाडणं म्हणतात. मी नऊ वर्षांची असताना गेटाबाहेरून एकदा पाहिलं होतं. वाफेचा ढग शेडच्या वर गेला आणि त्याला खालून केशरी रंग चढला. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, भीतीने नव्हे. माझे वडील रोज हे करतात, या विचाराने.

त्या भट्टीला जे पिग लागायचं ते भिलाईहून यायचं. भिलाईला ते व्हायचं झोतभट्टीत, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमध्ये. कुपोला आणि झोतभट्टी यांचं नातं धाकट्या-थोरल्या बहिणींचं. अंगकाठी सारखी, वरून थर घालायचे, खालून वारा द्यायचा. पण धाकटी म्हणजे रोज सकाळी पेटवायची आणि संध्याकाळी विझवायची चूल. थोरलीत लोखंड खनिजापासून जन्मतं, आणि तिला विझून चालत नाही. एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षं, रात्रंदिवस चालते, दर काही तासांनी तिला फोडून रस काढतात. एखाद्या साधूच्या अखंड धुनीसारखी. वाटेत थंड झाली तर आतलं लोखंड तळाशी गोठून बसतं आणि ते फोडून काढता काढता माणसं मेटाकुटीला येतात. 'पिग' हे नावही तिच्याच अंगणातलं. पूर्वी रस वाळूत खणलेल्या एका मोठ्या चरात सोडत, तिथून तो दोन्ही बाजूंच्या लहान खाचांत शिरे. वरून पाहिलं तर डुकरीण आडवी झालीय आणि पिल्लं तिला लुचताहेत असं दिसायचं. म्हणून ते पिल्लू, पिग. हे मला नानांनी सांगितलं, आणि त्यांना त्यांच्या मिस्त्रींनी.

सातपूरचा कुपोला आठ वर्षांपूर्वी गेला. त्याच्या जागी विजेची इंडक्शन भट्टी आली, आणि ते योग्यच झालं असं मी मनापासून म्हणते. नानांच्या छातीत अजून घरघर आहे. थंडीत ते रात्री उशीला टेकून बसून झोपतात. तो धूर गेला याचं मला तसूभरही दुःख नाही. दुःख त्या पद्धतीचं आहे. सोमवारी गॅस कटर घेऊन दोन माणसं आली, बुधवारपर्यंत पिंपाच्या फाळी झाल्या, गुरुवारी ट्रक वजनकाट्यावर गेला. बिल किलोवर झालं. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत हीटच्या, म्हणजे रोजच्या वितळवणीच्या, वह्या होत्या, वीसेक वर्षांच्या तरी. कोणत्या दिवशी किती थर, किती कोक, पाचर कशी आली, कुठे बिघडलं, सगळं त्यात. पेटीही भंगारात गेली, वह्यांसकट. कुणी मुद्दाम केलं नाही. त्या ठेवायच्या असतात हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. नानांची स्वतःची एक खिशातली डायरी वाचली, तेवढीच. तिच्यात एका जुलै महिन्यातली नोंद अशी आहे: "कोक भिजला. रस थंड. 2 लेडल परत ओतले. साहेबांना सांगितले." चार वाक्यं. त्या चार वाक्यांत अख्खा नाशिकचा पावसाळा आहे.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाने नानांना आणि मला जर्मनीला बोलावलं. तो रूर खोऱ्यात नोकरीला आहे. इतर लोक राजवाडे बघतात. आम्ही पहिल्याच रविवारी ड्युसबुर्गच्या उत्तरेला असलेल्या जुन्या झोतभट्ट्या पाहायला गेलो. हा थिसेन या पोलाद कंपनीचा कारखाना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला आणि 1985 साली बंद पडला. युरोपात तेव्हा पोलाद गरजेपेक्षा जास्त होत होतं, उत्पादनावर कोटा लागला होता. सगळं पाडून टाकायचं घाटत होतं. तिथल्या लोकांनी गट करून त्याला विरोध केला. पुढे पीटर लाट्झ या रचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे तिथे उद्यान झालं आणि ते 1994 साली खुलं झालं. तिकीट नाही. रात्रीसुद्धा आत जाता येतं. खनिज साठवायच्या कोठारांच्या जाड भिंतींवर लोक गिर्यारोहणाचा सराव करतात. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरलंय, तिच्यात पाणबुडे शिकतात. पिग ओतायच्या विभागातल्या 49 लोखंडी पाट्या उचलून एका चौकात फरशीसारख्या बसवल्यात. त्यांच्यावर रसाने कोरलेल्या वळ्या हाताला लागतात. विषारी झालेली जमीन सगळीच खणून हलवली नाही. बऱ्याच ठिकाणी ती तशीच ठेवून तिच्यावर जे उगवतं ते उगवू दिलं. चुऱ्याच्या ढिगांवर बर्चची झाडं माजलीत.

नाना सगळीकडून शांतपणे चालत होते. पाच नंबरच्या भट्टीच्या ओतशाळेत शिरल्यावर मात्र त्यांचे पाय थबकले. ते भिंतीकडे किंवा वरती पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते. मग वाकून त्यांनी चराच्या कडेवर तळहात आडवा धरला.

"उतार बघ," ते माझ्या भाच्याला, भावाच्या मुलाला, म्हणाले. "केवढा वाटतो?"

"थोडासा, आजोबा."

"थोडासाच पाहिजे. जास्त असला तर रस उड्या मारतो, कमी असला तर वाटेत थिजतो. आता हे बघ, इथे आडवी भिंत असते. लोखंड जड, ते तिच्या खालून जातं. मळी हलकी, दुधावरच्या सायीसारखी वर तरंगते, ती इकडे बाजूच्या चरात वळते. एवढंच आहे सगळं. एवढं कळलं की भट्टी कळली."

आठ वर्षांचा तो पोरगा जर्मन शाळेत शिकतो, मराठी अडखळत बोलतो. पण तो त्या चरात बोट फिरवत "लोखंड खालून, मळी वरून" असं पुटपुटत दोनदा चालत गेला. मी तेव्हा भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुठल्याही पुस्तकातली आकृती हे काम करू शकली नसती. त्यासाठी तो चर तिथेच, त्याच उतारावर, त्याच भट्टीच्या तोंडाखाली असावा लागतो. काचेच्या पेटीत ठेवलेला चराचा तुकडा पुरत नाही.

नंतर नाना भट्टीच्या तोंडाशी गेले. रस काढून झाला की ते भोक मातीने बुजवावं लागतं. नाना ते लांब काठीच्या टोकाला मातीचा गोळा लावून हाताने बुजवायचे, चेहरा वळवून, ठिणग्या अंगावर घेत. झोतभट्टीला मोठं यंत्र असतं, तोफेसारखं, ते माती आत ठासतं. नाना म्हणाले, "आपण काठीने करायचो, यांनी तोफ केली." आणि अभिमानाने हसले. जणू त्यांच्याच खात्यातल्या कुणीतरी नाव काढलं होतं.

पण बाहेर आल्यावर ते बराच वेळ गप्प होते. बाकावर बसून त्यांनी थर्मासमधला चहा घेतला. मग म्हणाले, "वाळू नाही."

"कसली वाळू, नाना?"

"खाली वाळू असते. पायाखाली कुरकुरते. भाजलेल्या मातीचा वास असतो. हे झाडूनपुसून ठेवलंय. चांगलं ठेवलंय, पण भट्टी अशी नसते." थोडं थांबून त्यांनी पुढे जोडलं, "आणि आवाज. ब्लोअर बंद पडला की आम्ही सगळे पळायचो. शांतता म्हणजे धोका. इथे नुसती शांतताच आहे."

मी वर चढले. सुमारे 70 मीटर उंचीवर सज्जा आहे. लोखंडी जाळीच्या पायऱ्यांतून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. वरून अजून चालू असलेल्या कारखान्यांची धुराडी दिसली. खाली बाकावर एक पांढरी टोपी दिसत होती, नानांची. आणि मला त्यांचं म्हणणं पटत गेलं. भट्टी टिकवणं म्हणजे लोखंड टिकवणं एवढ्यावर भागत नाही. वाळू कुठे होती, शांततेला घाबरायचं का, हे सांगणारं कुणीतरी हवं. ती माणसं मात्र रंग लावून टिकत नाहीत.

लोखंड टिकवणंही सोपं नाही, हेही खरं. भट्टी चालू असते तोवर तिला पाऊस बाधत नाही. पाणी पडतं आणि वाफ होऊन जातं. विझली की पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत शिरतं, विटांच्या फटींत बसतं, पत्र्याला आतून खातं. कारखाना कायम उभा राहावा म्हणून कुणी बांधलेलाच नसतो. मग रंगवायचा, गंजू द्यायचा, की छप्पर घालायचं? इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने 1709 मध्ये ज्या भट्टीत लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड काढलं, ती जुनी भट्टी 1959 साली उकरून मोकळी केली आणि पुढे तिच्यावर छप्पर उभारलं. ड्युसबुर्गला बराचसा गंज तसाच ठेवलाय. जर्मनीतल्याच हाटिंगनची गोष्ट तर अंगावर येते. तिथली एक भट्टी सुटी करून चीनला विकली आणि दुसरी संग्रहालय झाली. सारलँडमधल्या फोल्कलिंगनला ओळीने सहा झोतभट्ट्या उभ्या आहेत. त्या 1986 साली बंद झाल्या आणि आठच वर्षांत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. तिथे महायुद्धांच्या काळात सक्तीने राबवलेल्या मजुरांची आठवणही मुद्दाम जागती ठेवली आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. भट्टीबद्दल फक्त अभिमानाने बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं. नानांच्या छातीतली घरघर जिथे सांगितली जाणार नाही, ते स्मारक मला नको.

आता आपल्याकडे येते.

झोतभट्टीचा आणि नाशिकचा काय संबंध, असं वाटेल. एक संबंध आहे, आणि तो मला फार आवडतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यांच्या नोकरीची सुरुवात नाशिकची. याच माणसाने पुढे म्हैसूर संस्थानात भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा ध्यास घेतला. जवळ दगडी कोळसा नव्हता, पण जंगल होतं, म्हणून लाकडी कोळशावर झोतभट्टी चालवायची ठरली. लाकूड जाळून कोळसा करताना निघणारी रसायनंही गोळा करायची होती. केम्मनगुंडीच्या डोंगरातून खनिज यायचं. 1923 साली उत्पादन सुरू झालं. कारखाना तोट्यात असताना त्याची धुरा विश्वेश्वरय्यांनी स्वतः घेतली. उत्पादन सुरू झाल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 2023 च्या जानेवारीत, तो बंद करण्याचा निर्णय झाला आणि कामगार रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी रोजगाराची होती, स्मारकाची नव्हे, आणि ती तशीच असायला हवी. चालता कारखाना हाच सर्वांत चांगला वारसा. पण चालवणं अशक्यच ठरलं तर पुढचा प्रश्न कटर येण्याआधी विचारायला हवा, नंतर नव्हे.

महाराष्ट्राचाही यात एक धागा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. जमशेटजी टाटांच्या डोक्यात लोखंडाचं वेड शिरलं ते 1882 मध्ये एका जर्मन भूशास्त्रज्ञाचा अहवाल वाचून, आणि तो अहवाल होता आपल्या चांदा जिल्ह्याबद्दल, तिथल्या लोहाऱ्याच्या खनिजाबद्दल. जवळच वरोऱ्याचा कोळसा होता, पण तो लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही. नाही तर साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, माळावर जे 1911 च्या डिसेंबरात पेटलं ते कदाचित चंद्रपुरात पेटलं असतं. जमशेटजी ते पाहायला उरले नव्हते. ते 1904 मध्येच गेले.

नाशिकमध्ये झोतभट्टी नव्हती. पण धातू वितळवणारी, ठोकणारी, घडवणारी माणसं या गावात फार जुनी आहेत. तांबट आळीतून जाताना हातोड्यांचा ठोका ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. पुढे सातपूर, अंबडच्या वसाहती आल्या आणि खेड्यांतून आलेल्या नानांसारख्या शेकडो तरुणांनी वाळू, माती आणि आग हाताळायला शिकून घेतलं. आपण देवळं जपतो, घाट जपतो, वाड्यांबद्दल हळहळतो. कारखान्याच्या शेडला मात्र वारसा म्हणायला आपली जीभ रेटत नाही. एकेकाळी नाशिक रोड स्टेशनहून गावात घोड्यांची ट्राम येत होती, हे आज सांगावं लागतं. उद्या कुपोलाही असाच सांगावा लागेल.

माझं मागणं फार मोठं नाही. औद्योगिक वसाहतीत कुठे तरी एक कुपोला अजून उभा असेल तर तो कापू नका. त्याचा माळा, चार्जिंगचं दार, ब्लोअर, खालचा टेकू आणि साखळी, सगळं जागच्या जागी राहू द्या. पाचर तोडायची ऐरणसुद्धा. वह्या भंगारात घालू नका. आयटीआयच्या पोरांना वर्षातून एकदा तिथे न्या आणि माझ्या नानांसारखा एखादा म्हातारा त्यांच्यासमोर उभा करा. खाली थोडी वाळूही पसरा, पायाखाली कुरकुरेल अशी.

सातपूरचा कुपोला परत येणार नाही, म्हणून जर्मनीहून परतल्यावर मी त्याचं चित्र काढायला घेतलं. मोठा आलेखाचा कागद आणला. रविवारी दुपारी नाना समोर बसतात आणि मी आखते. फोन शेजारी रेकॉर्डिंगला लावलेला असतो. मापं त्यांना इंचात आठवत नाहीत, अंगावर आठवतात. चार्जिंगचं दार छातीला लागायचं. मळीचं भोक मागच्या बाजूला, ढोपराच्या थोडं वर. रसाचं भोक पुढे, त्याहून खाली, "वाकायला लागायचं, कंबर दुखायची तिथे." मी त्यांना उभं करते, जमिनीपासून त्यांच्या ढोपरापर्यंत टेप लावते आणि आकडा कागदावर उतरवते.

मागच्या रविवारी वाऱ्याची तोंडं आखून झाली. नानांनी चष्मा पुसून कागद जवळ घेतला, बराच वेळ पाहिला.

"एवढी वर नसतात गं," ते म्हणाले. "रस थंड पडेल. दोन बोटं खाली घे."

मी खोडरबर घेतला.